मार्शल बेटांवरील नौकाशाळा

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस, २९ प्रवाळकंकणे आणि ५ सुटी बेटे मिळून झालेला मार्शल द्वीपांचा जो चिमुकला मुलूख आहे, त्याला शतकानुशतके एकत्र सांधणाऱ्या शिडाच्या नौकेची गणना आज केवळ वस्तुसंग्रहालयातील शोभेत व्हावी, हा त्या लोकांवर अन्याय आहे असे मी मानतो.

ही नौका एकट्या सुताराची कृती नव्हे. तिचे अंग नीरफणसाच्या खोडातून कोरावयाचे, फळ्यांचे सांधे खिळ्यांवाचून काथ्याच्या सुंभाने आवळावयाचे, आणि केतकीच्या जातीच्या पानांचे शीड स्त्रियांनी विणावयाचे, असा हा साऱ्या वस्तीचा उद्योग असे. उलांडी, म्हणजे नौकेचा तोल सांभाळणारा बाजूचा ओंडका, सदैव वाऱ्याच्या अंगाला राहते. दिशा पालटावयाची झाल्यास नौका न वळविता शिडाचा पायच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात, आणि मागची बाजू पुढची होते! बेटांना अडखळून वाकणाऱ्या लाटांचे ज्ञान काड्या व शिंपल्यांच्या नकाशांवर किनाऱ्यावरच शिकवीत. नकाशा बरोबर न्यावयाचा नसे, तो मनात उतरवावयाचा असे.

प्रथम जर्मन व नंतर जपानी अंमलाने बेटाबेटांतील सफरींवर निर्बंध घातले. पुढे १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने तेथे ६७ अण्वस्त्रचाचण्या केल्या, आणि १ मार्च १९५४ च्या स्फोटाची किरणोत्सारी राख ज्या रोंगेलाप या प्रवाळकंकणावर पडली, तेथेच नौकानयनाचे शिक्षण देण्याची जुनी परंपरा होती. माणसे हलविली गेली, तेव्हा गुरू आणि शिष्य यांचा पाठशाळेचा समुद्रच सुटला.

या पार्श्वभूमीवर, १९८९ पासून निरनिराळ्या बेटांवरील नौकांचे दप्तर तयार करीत आलेली, आणि पुढे शाळा सुटलेल्या तरुण-तरुणींना माजुरो येथे हे कसब शिकवू लागलेली 'वान आएलोंग इन माजेल' ही संस्था मला फार मोलाची वाटते. जेथे इंधनाचा थेंबन्‌थेंब जहाजाने येतो, तेथे खाडीत शिडावर चालणारी होडी ही निकडीची गरज आहे. म्हणून या शिक्षणाला सरकारी अंदाजपत्रकात देणगीदारांच्या मर्जीवर न सोडता शाळेइतकेच कायम स्थान हवे, आणि त्याच तरतुदीत नीरफणसाच्या लागवडीचाही खर्च हवा. कारण खारे पाणी आणि अवर्षण यांनी ती झाडे पिडली जात असून, नौकेजोगे खोड तयार व्हावयास कित्येक वर्षे लागतात.