आधी ब्रेक, मग रंग!

ती रील तुम्हीही पाहिली असेल. गोठ्यात, पोत्यांच्या मागे धूळ खात पडलेली आरएक्स १००. कोणीतरी ती बाहेर ओढतं, पाण्याचा फवारा मारतं आणि पुढच्याच कटला ती चकाचक काळ्या रंगात, एका किकमध्ये सुरू! तीस सेकंदांत विषय संपला. मग आपल्याही डोक्यात चक्रं फिरायला लागतात. गावाकडे आजोबांची सीडी १०० पडलीच आहे. मित्राच्या ओळखीत कोणीतरी येझ्दी स्वस्तात देतंय. लायसन्स नुकतंच हातात पडलंय. घेऊन टाकू, मग करू हळूहळू!

घ्या की. पहिली गाडी म्हणून जुनी प्रोजेक्ट बाईक घेण्याला माझा अजिबात विरोध नाही. पण आपण हे सगळं उलट्या क्रमानं करतो, हे माझं म्हणणं आहे. आधी टाकीचा रंग, मग सायलेन्सर, मग सीट, मग स्टिकर. ब्रेक आणि टायरपर्यंत पोचेपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. कागदपत्रं तर कोणाच्या लक्षातही नसतात. मुरलेल्या रायडरचं यात फार तर नुकसान होईल. नवशिक्याच्या मात्र हे जिवावर बेतू शकतं.

चूक माझी की गाडीची?

गाडी शिकताना आपल्या हातून चुका होणारच. क्लच पटकन सुटतो, गिअर चुकतो, वळणावर तोल जातो. चांगल्या गाडीवर चूक झाली की कळतं, आपलं चुकलं. पुढच्या वेळी हात सुधारतो. आता हेच जुन्या, अर्धवट दुरुस्त गाडीवर करून बघा. गाडी झटका देऊन उचलली, तर तुमचा क्लच सुटला की क्लच प्लेटा झिजल्यात? हँडल एका बाजूला ओढतंय, तर तुमची बसायची पद्धत चुकतेय की कोनसेट गेलाय? नवशिक्याला हे ओळखता येत नाही. मग तो गाडीच्या दोषाला आपली सवय लावून घेतो. ब्रेक लागत नाही म्हणून पाय कायम पेडलवर, गाडी बंद पडते म्हणून सिग्नलला सतत रेस. या सवयी पुढे नव्या गाडीवरही सुटत नाहीत.

म्हणून चालवायला शिका धडधाकट गाडीवर. घरातली, काकांची, मित्राची, कोणाचीही चालेल. गाडी मोकळ्या रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये, पावसात थोडी हातात बसू द्या. तोवर तुमचं प्रोजेक्ट स्टँडवर राहू दे. ते कुठे पळून जात नाही.

पळते ती, थांबते का?

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे सगळ्यात 'नवी' आरएक्सदेखील आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा वयानं मोठी आहे. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद ११ बीएचपी आणि वजन १०० किलोच्या आसपास. त्यामुळे ती पळते भन्नाट. पण थांबवायला पुढे-मागे साधे ड्रम ब्रेक. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएस सक्तीचं झालं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये यातलं काहीच नाही. तिथे फक्त तुमचा हात, तुमचा पाय आणि ब्रेकचे लायनर.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातले जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हा आकडा वाचल्यावरही आपण पहिला खर्च सायलेन्सरवर करणार असू, तर काय बोलायचं? तेही पोलीस मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जमा करून त्यावर रोलर फिरवतात, हे बातम्यांत बघितलेलं असताना!

गाडी घेण्याआधी या गोष्टी कोणालाही तपासता येतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. १४१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या चौदाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर दिसली, तरी दहा-बारा वर्षं पडून कडक झालेलं रबर पावसात तुम्हाला धरून ठेवणार नाही. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा. हँडलखाली 'खट्' असा आवाज आला, तर कोनसेट बघावा लागेल. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बाहेर ओढून बघा. खालचा दात उघडा पडला, तर चेनसेट संपला. टाकीत मोबाईलचा टॉर्च मारा. आत लाल गंज दिसला, तर तो कार्ब्युरेटरमध्ये जाणार आणि गाडी भर चौकात बंद पडणार. शिवाय आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा जुन्या रबरी भागांना त्रास होतो. पेट्रोलचा पाइप आणि वॉशर बदलूनच टाका.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी आणखी एक. या इंजिनात पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं. ते नीट पोचलं नाही, तर पिस्टन तापून बोअरमध्ये अडकतो आणि धावत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं. त्या क्षणी क्लच दाबायचं सुचायला हात तयार असावा लागतो. आठवड्यापूर्वी गाडी शिकलेल्याचा हात तयार नसतो.

कागद बोअरिंग असतात, पण...

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं. पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून ते वाढवून घ्यावं लागतं. आपल्या राज्यात ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. तेव्हा सौदा ठरवण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. चेसिस आणि इंजिनवर ठोकलेले नंबर आरसीशी जुळवा. नंबर घासलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असली तरी उठून चालू लागा. 'पेपर नंतर देतो' म्हणणाऱ्याला 'पैसे पण नंतर देतो' म्हणा.

विकत घेताय तर नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आजोबा हयात नसतील आणि गाडी त्यांच्या नावावर असेल, तर फॉर्म ३१. 'घरचीच तर आहे' म्हणून हे टाळू नका. थर्ड पार्टी इन्शुरन्स नसताना तुमच्या गाडीनं कोणाला उडवलं, तर भरपाई तुमच्या घरच्यांच्या बोकांडी बसेल. स्वस्तात मिळालेली गाडी तेव्हा फार महाग पडते.

मग घ्यायची कशाला?

कारण यातून जे मिळतं, ते शोरूममध्ये मिळत नाही. आपली पिढी ॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकते, पण साधा प्लग काढून साफ करायला बिचकते. जुनी गाडी पाना हातात धरायला लावते. कार्ब्युरेटर उघडला की हवा आणि पेट्रोल कसं मिसळतं, ते डोळ्यांनी दिसतं. पार्ट शोधायला पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागतो. त्या फिरण्यात घासाघीस करायला, अस्सल आणि डुप्लिकेट ओळखायला आणि मुख्य म्हणजे थांबायला शिकतो आपण. यात मुलगा-मुलगी काही नसतं. ग्रीस सगळ्यांच्याच हाताला सारखं लागतं.

फक्त एखादा जुना मिस्त्री धरा. त्याच्याकडे रविवारी जाऊन नुसतं उभं राहू नका. नट धुवा, पाने उचलून द्या, प्रश्न विचारा. ब्रेकचं काम मात्र त्याच्या नजरेखालीच करा. आणि गाडी जेवढ्याला घेतली, निदान तेवढेच पैसे तिच्यासाठी बाजूला ठेवा. नसतील, तर अजून सहा महिने थांबा.

क्रम एवढाच लक्षात ठेवा : कागद, ब्रेक-टायर, वायरिंग-लाइट, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. या यादीच्याही आधी आयएसआय मार्कचं हेल्मेट. गंजलेल्या टाकीची, पण वेळेवर थांबणारी गाडी कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोणाच्या नजरेत भरणार नाही. न भरू दे. रंग दिवाळीच्या सुट्टीतही देता येईल.