गेरीचा सॅलॅमँडर

अमेरिकी निवडणुकांच्या बातम्यांत ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द सारखा भेटतो. ऐकायला एखाद्या कार्टूनचं नाव वाटतं ना? खरंच, हा शब्द गाजला तो व्यंगचित्रामुळेच.

१८१२मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मतदारसंघांच्या नव्या आखणीवर सही केली. त्यांच्या पक्षाच्या सोयीसाठी एक मतदारसंघ इतका वेडावाकडा ओढला होता की, ‘बोस्टन गॅझेट’ने त्याला पंख आणि नख्या लावून छापलं. पालीसारख्या सॅलॅमँडरला गेरींचं नाव जोडलं आणि झाला गेरीमँडर! (पुढे ‘गेरी’चा उच्चार ‘जेरी’ झाला. बिचाऱ्याचं नावही धड राहिलं नाही.) गंमत बघा, त्याच वर्षी गेरी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. ती अख्ख्या राज्याची निवडणूक, तिथे सीमारेषा कामाला येत नाहीत. राज्याची सिनेट मात्र त्यांच्या पक्षाकडेच राहिली.

युक्ती साधी आहे. विरोधकांचे मतदार एकाच मतदारसंघात कोंबायचे, उरलेले इतरत्र थोडे थोडे पांगवायचे. मतं तेवढीच, जागा कमी.

२०१९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय जेरीमँडरिंगमध्ये केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत, असं सांगितलं. मग काय, रान मोकळं! २०२५मध्ये टेक्सासने रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढतील असा नकाशा आखला, तर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी डेमोक्रॅट्सच्या सोयीचा नकाशा मंजूर केला. आता दोन्हीकडे सॅलॅमँडर आहेत.

आपल्याकडे ही आखणी सत्ताधारी पक्ष नाही, तर परिसीमन आयोग करतो.