न्हाणीघर फोडण्याआधी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रूढ झाली त्या काळी न्हाणीघर घराच्या मागच्या बाजूला आणि संडास त्याहून लांब, परसात असायचा. त्यामुळे तिसरी गोष्ट कुणाला सुचली नसावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती खुशाल जोडून घ्यावी: बाथरूम पाहावी फोडून!

बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा असला तर माणसं आत बसतात. स्वयंपाकघर काढलं तर चार दिवस डबा मागवता येतो. पण घरात संडास-बाथरूम एकच असेल आणि तीच फोडायची असेल, तर काय करायचं? ही काही बाहेरून मागवण्यासारखी वस्तू नव्हे. गंमत म्हणजे आपण टाइल्सचा रंग महिनाभर निवडत बसतो, चार दुकानं पालथी घालतो, नळाच्या आकारावरून नवरा-बायकोत अबोला धरतो, आणि काम चालू असताना घरातली माणसं जाणार कुठे, हा प्रश्न काम सुरू होण्याच्या आदल्या रात्री विचारतो. माझं म्हणणं असं की, हा प्रश्न पहिला असायला हवा. अशा कामाचा जो मनस्ताप म्हणतात, त्याचा मोठा वाटा या एका प्रश्नात असतो. उरलेला वाटा खोट्या मुदतीचा.

आमचं घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. इमारत ऐंशीच्या दशकातली. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, पोपडे पडू लागले आणि काम काढणं भाग पडलं. कंत्राटदार म्हणाला, "आठ दिवसांत मोकळं करतो, वहिनी." मी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसले आणि एकेक काम विचारत गेले. फोडणं आणि राडारोडा खाली उतरवणं दोन दिवस. नवे पाइप टाकून, दाब देऊन तपासणं तीन दिवस. वॉटरप्रूफिंग, कोबा आणि त्यावर पाणी मारणं मिळून सात. पाणी तुंबवून गळती पाहणं दोन. टाइल्स चार. नळ, कमोड, दार दोन. बेरीज वीस झाली. तोही हसला. प्रत्यक्षात तेवीस दिवस लागले. पण आम्ही मनाची तयारी विसाची केली होती, म्हणून जास्तीच्या तीन दिवसांचा त्रास झाला नाही. तयारी आठाची असती, तर नवव्या दिवसापासून घरात भांडणं लागली असती. आठ दिवस हे उत्तर मिस्त्री देतो खरा, पण ते आपल्याला ऐकायचं असतं म्हणून देतो. सिमेंटला वाळायला, घट्ट व्हायला लागतो तो वेळ लागतोच; तो कुणाच्या घाईला जुमानत नाही.

या कामात जे डोळ्यांना दिसतं ते सगळ्यात कमी महत्त्वाचं असतं. टाइल वाईट निघाली तर डोळ्यांना खुपते, एवढंच. तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग वाईट निघालं तर खालच्या माणसाचं छत गळतं आणि आपली नवी फरशी पुन्हा फोडावी लागते. म्हणून टाइल्स बसण्याआधी नहाणीचं तोंड बंद करून, जमिनीवर पाणी भरून, निदान दोन दिवस ते तसंच ठेवायला सांगावं आणि खालच्यांना छताकडे लक्ष ठेवायची विनंती करावी. फरशीचा ढाळ नहाणीकडेच आहे ना, हे तांब्याभर पाणी ओतून पाहावं. भिंतीतले पाइप झाकले जाण्याआधी मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. पुढे टॉवेलचा दांडा बसवताना कुणाचं ड्रिल पाइपात जायचं नाही. आणि सोसायटीला आधी लेखी कळवावं. बाहेरच्या सामाईक नळांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, पण आपल्या संडास-बाथरूममधून होणारी गळती आपण स्वखर्चाने करायची, असं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. हे ठाऊक असलं की, जिन्यातले निम्मे वाद होतच नाहीत.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. शेजारी चांगले होते. "आमचं घर तुमचंच समजा," असं ते मनापासून म्हणाले. आम्ही जात-येत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की सासूबाईंच्या पलंगाजवळ सकाळी भरून ठेवलेला तांब्या जवळजवळ तसाच आहे. वय अठ्ठ्याहत्तर, दिवस एप्रिलचे. मी विचारलं तर आधी उडवून लावलं. मग म्हणाल्या, "दर दोन तासांनी कुणाच्या दाराची बेल वाजवायची ते कशासाठी वाजवायची, हे साऱ्या जिन्याला कळतं गं. त्यापेक्षा तहान मारलेली बरी."

बाथरूम फोडली की धूळ होते, ठोकाठोकी होते, पैसा जातो, हे सगळे सांगतात. पण माणसाचा आडोसा जातो, हे कुणी सांगत नाही. ज्या गोष्टीचा उच्चार जन्मभर केला नाही, तिच्यासाठी परवानगी मागायची वेळ येते. तरुण माणूस ऑफिसात, कॉलेजात वेळ काढतो. म्हातारं माणूस पाणी पिणं सोडतं. उन्हाळ्यात त्या वयाला कमी पाणी म्हणजे चक्कर, मलावरोध, लघवीची जळजळ, आणि चक्कर येऊन पडलं तर हाड मोडायची भीती. मी शेजारच्या वहिनींशी बोलले. त्यांनी काहीही न विचारता दाराची जादा किल्ली आणून सासूबाईंच्या हातात ठेवली. "बेल वाजवायची नाही, आई," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री तांब्या रिकामा झाला.

पण याच कारणाने आणखी एक जण पाणी पीत नव्हती. राडारोड्याची घमेली तीन जिने उतरवणारी बिगारी बाई. मी तिला पाण्याचा तांब्या दिला तर तिने नुसती चूळ भरली. "पिऊन जायचं कुठं, ताई?" आमचा संडास तर तिच्याच डोक्यावरच्या घमेल्यात होता. खाली वॉचमनसाठी बांधलेल्या संडासाला कुलूप, आणि कामगारांनी सोसायटीत सोयी वापरू नयेत अशी फळ्यावर सूचना. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. आमच्या घरी नवा संडास होण्यासाठी ती नऊ तास आवरून धरत होती.

बांधकाम मजुरांसाठी 1996 साली केंद्राचा कायदा झाला. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, संडास, मुतारी असायला हवी, असं त्यात होतं. पण स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम करून घेणारा माणूस त्या कायद्यातून वगळलेला होता. म्हणजे आपली बहुतेक कामं कायद्याच्या बाहेर. तिथे उरते ती आपली माणुसकी. मी सेक्रेटरींकडे गेले. थोडं बोलणं झालं, थोडी कुरबूर झाली, आणि वॉचमनच्या संडासाची किल्ली काम संपेपर्यंत तिच्या पदराला बांधली गेली. एक साबणाची वडी आणि बादली याहून जास्त खर्च आला नाही.

शेवटी एक सांगणं. एवढं फोडतोच आहोत तर आपल्या म्हातारपणाचाही विचार करावा. ओल्या पायाला न घसरणारी खडबडीत टाइल, कमोडशेजारी पक्का दांडा, आणि दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. दुकानातल्या पुस्तकात या गोष्टी शेवटच्या पानावर असतात, म्हणून आपणच त्या आधी मागायच्या.

अशा दिवसांत मन शांत ठेवा, हा सल्ला मला फारसा उपयोगी वाटत नाही. सोय झाली की मन आपोआप थाऱ्यावर येतं, म्हणून आधी सोय पाहावी. खरी मुदत, तपासलेलं काम आणि प्रत्येकाच्या हाती एक किल्ली, घरच्यांच्याही आणि कामाला येणाऱ्यांच्याही. दारी आलेल्याला आपण आधी पाणी विचारतो, ही आपली जुनी रीत. त्याच्या पुढचा प्रश्न विचारायची लाज आता सोडायला हवी.