निर्जळी आणि आपला हट्ट

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या नात्यातल्या बायकांचे फोन सुरू होतात. "यंदा निर्जला एकादशी करणार ना?" आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी निकाल: "थेंबभर पाणी घेतलं नाही हो!" हे सांगताना आवाजात जी ऐट असते, तिच्याशी माझं भांडण आहे. उपासाशी नाही. एकादशी मीही करते.

माझ्या थोरल्या नणंदबाई अकोल्याला असतात. वय बहात्तर, रक्तदाब आहे, रोज सकाळी लघवीची गोळी चालू आहे. तिथे जूनच्या पहिल्या आठवड्यातही पारा ४३-४४ अंशांवर असतो. गेल्या ज्येष्ठात पाण्याविना दिवस काढून संध्याकाळी त्या देवघरापाशीच कोसळल्या. दोन बाटल्या सलाईन लागलं. घरी आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "उपास मोडला गं माझा." म्हणून आज जरा स्पष्ट लिहिते. नात्यातल्या मंडळींनी रागावायचं असेल तर खुशाल रागवावं.

पहिला मुद्दा नेहमीचा: "शास्त्रात सांगितलंय." बरं, काय सांगितलंय ते तरी पाहू. या एकादशीची कथा भीमाची आहे. त्याला वर्षाच्या चोवीस एकादश्या उपाशी राहणं झेपेना, म्हणून व्यासांनी तोड काढून दिली की ही एक पाण्याविना कर, सगळ्यांचं फळ मिळेल. म्हणजे मुळात ही सवलत आहे! एका माणसाची प्रकृती पाहून दिलेली. आणि तो माणूस भीम होता, गुडघे दुखणारी आजी नव्हे. याच दिवशी पाण्याने भरलेला घडा दान करायला सांगितलंय, ते मात्र आपण सोयीने विसरतो. तहान काय असते हे एक दिवस कळावं आणि दुसऱ्याला पाणी द्यावं, असा मी तरी त्याचा अर्थ लावते.

शिवाय व्रताचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, कशाने व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी दिलेल्या आहेत. त्यात पाणी आहे, दूध आहे, फळं आहेत, आणि औषधही आहे. कुणी म्हणेल, निर्जलेला पाण्याची सूट कशी चालेल? ठीक आहे, पण औषधाची तर चालेल? आजाऱ्याला पाणी हे औषधच. आणि ज्याला झेपत नाही त्याच्या वतीने मुलाने किंवा नवऱ्याने उपास करावा, हीही सोय धर्मशास्त्रात आहे. किती घरांत मुलगा पुढे आला आहे, सांगा बरं.

दुसरी गंमत आपल्या इतर एकादश्यांच्या फराळाची. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, शेंगदाणे आणि हिरवी मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या ऋषिमुनींनी यातलं काही पाहिलंही नव्हतं. जिभेसाठी आपण चार परदेशी पाहुणे उपासाच्या ताटात बसवले आणि गंगाजळाची जात सांगणाऱ्या पाण्याला दारात उभं केलं!

शेजारधर्म बघा. जैन मंडळींत पाणी घेऊन करायचा तिविहार उपास वेगळा आणि पाण्याविना चौविहार वेगळा. ज्याची त्याने कुवत ओळखायची. रमजानचे रोजे २०१८ साली ऐन मे-जूनमध्ये आले होते. त्यात पहाटे सहरी असते, संध्याकाळी इफ्तार, आणि आजारी व प्रवासी माणसाला कुराणातच सूट आहे. म्हणजे कडक उपास करणाऱ्यांनीही तयारी आणि सूट दोन्ही ठेवली. आपल्याकडे मात्र तयारी म्हणजे आदल्या रात्री उशिरापर्यंत वरई निवडणं.

तिसरा मुद्दा: "आमच्या सासूबाई करायच्या, त्यांना काही झालं नाही." त्यांना लघवीची गोळी नव्हती. जाड भिंतींचं मातीचं घर होतं, डोक्यावर तापलेला स्लॅब नव्हता. आणि काही झालं नाही हे तरी कशावरून? तेव्हा "उन्हाळी लागली", "भोवळ आली" म्हणून कांदा हुंगायला देत आणि विषय संपे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेली दहाहून अधिक श्रद्धाळू माणसं उष्माघाताने गेली. ऊन कुणाची भक्ती मोजत नाही.

आणि एक बोचरं. जी निर्जळी करते, तीच त्या दिवशी बाकीच्यांचा स्वयंपाक करत गॅसपुढे उभी असते. ही तपश्चर्या तिची, की तिच्याकडून करून घेतलेली?

मग करायचं काय? दोन दिवस आधीपासून पाणी, ताक, पन्हं भरपूर घ्या. दशमीला लोणचं-पापड, तळण बंद. रक्तदाब, मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, गोळी परस्पर बंद करू नका. म्हातारपणी तहानच कमी लागते, त्यामुळे "मला तहान नाही" यावर विश्वास ठेवू नका. दुपारी घराबाहेर पडू नका, चुलीपाशी दुसऱ्या कुणीतरी उभं राहा. चक्कर आली, पोटऱ्यांत गोळे आले, लघवी गडद झाली की पाणी प्या. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून घाम थांबला, तर दवाखाना गाठा, मुहूर्त पाहू नका. आणि सत्तरीपुढे किंवा आजारात निर्जळी नकोच. पाण्यावर राहा, दाराशी माठ भरून ठेवा.

वन्सं, तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवेल याची मला खात्री आहे. तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या, तुम्हाला शिकवणारी मी कोण! पण चार दिवसांनी लगेच वटपौर्णिमा असते, आणि वडाला फेऱ्या मारायला पायात बळ लागतं. तेव्हा यंदा त्या दिवशी तांब्याभर पाणी देवापुढे ठेवा आणि तीर्थ म्हणून सगळंच पिऊन टाका.