उभ्या गाडीचा चालक

‘चालक’ हा शब्द माणसाला त्याच्या क्रियेवरून ओळखतो. जो चालवतो तो चालक. मग गाडी उभी असते तेव्हा तो कोण असतो? हा प्रश्न वरवर पाहता व्युत्पत्तीचा वाटेल. पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, वैशाखातल्या दुपारी, तो थेट देहाचा प्रश्न होतो. आमच्या मते आपला कायदा, आपला व्यवहार आणि आपले साहित्य या तिघांनीही ट्रकचालकाला केवळ चालत्या गाडीत पाहिले आहे. उभ्या गाडीतला माणूस तिघांच्याही नजरेतून सुटला आहे.

१९६६ साली टेल्को पिंपरीत आली आणि या परिसराला वाहनउद्योगाचे रूप आले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. दरम्यान उत्पादनाची रीत बदलली. सुटे भाग गोदामात साठवायचे नाहीत, लागतील तेव्हाच मागवायचे, असे शास्त्र रूढ झाले. पण साठा नाहीसा होत नसतो, तो फक्त जागा बदलतो. कारखान्याच्या गोदामातला माल रस्त्यावरच्या ट्रकमध्ये आला, आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता व त्याला फुटलेल्या एमआयडीसीच्या वाटा हेच गोदाम झाले. त्या गोदामाचा राखणदार म्हणजे नंबर लागण्याची वाट पाहत बसलेला चालक.

बसलेला कुठे, तर केबिनमध्ये. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत इंजिन केबिनच्या खालीच असते. वर तापलेला पत्रा आणि खाली तासन्‌तास निवत राहणारे इंजिन. यावरचे उपाय चालकांनी आपापले शोधले आहेत: ओला गमछा, पाण्यात भिजवलेले गोणपाट, बाटलीभोवती गुंडाळलेले ओले फडके, चाकांमधल्या सावलीत अंथरलेली ताडपत्री. पूर्वी ट्रकच्या बाजूला टांगलेली छागल दिसे. पण हे सगळे तोकडे पडते, कारण रांग मधूनच चार हात पुढे सरकते आणि सावलीतून उठून पुन्हा तापल्या स्टिअरिंगला हात लावावा लागतो.

मग इंजिन सुरू ठेवून पंखा किंवा एसी का लावू नये? लावू नये, हेच खरे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक ठरवले आहे, आणि तो धूर आधी रांगेतल्या चालकांच्याच छातीत जातो. शिवाय डिझेलचा हिशोब मालकाला द्यायचा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२६ सांगते की सार्वजनिक जागी वाहन उभे असेल तर एक तर परवानाधारक माणूस चालकाच्या आसनावर हवा, नाही तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा. कलमाचा हेतू सुरक्षेचा आहे आणि तो रास्तच आहे. मात्र सरकत्या रांगेतल्या चालकाच्या वाट्याला दोन्ही पर्याय एकदमच येतात: आसनही सोडता येत नाही आणि इंजिनही बंद.

ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण तो नव्या गाड्यांपुरता आहे; आणि गाडीचा एसी सामान्यतः इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद होताच नवी केबिन जुन्या केबिनसारखी होते. कॅलिफोर्नियाने ट्रक उभा असताना इंजिन पाच मिनिटांहून अधिक सुरू ठेवण्यास मनाई केली आणि २००८ पासून झोपण्याची सोय असलेल्या ट्रकांनाही ती लागू केली. तिथे चालकांना विजेची जोडणी, छोटे जनित्र, बॅटरीवरचा एसी असे मार्ग उपलब्ध होते. आपल्याकडे मनाई डिझेलच्या भावानेच केली. पर्याय मात्र कुणी दिला नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात विश्रांतिगृहाची तरतूद होती, पण जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेतही रात्रीच्या मुक्कामाचीच कल्पना उतरली आहे. विश्रांती रात्रीची असते असे कायद्याने गृहीत धरले. ऊन दुपारचे असते, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

साहित्याचे काय? गिरणीचा भोंगा, चाळ, पाळी, संप यांना मराठी कवितेत आणि कथेत हक्काची जागा मिळाली. कामगारांचे कवी नारायण सुर्वे १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०१६ चे संमेलन तर पिंपरी-चिंचवडमध्येच भरले. तरीही गेटबाहेरचा चालक त्या मानाने आपल्या लेखनात फारसा आला नाही. कारण उघड आहे. श्रम म्हणजे हालचाल, घाम म्हणजे कष्टाचा घाम, हे समीकरण आपणही स्वीकारले आहे. नुसते बसून आलेला घाम आपल्याला श्रमाचा वाटत नाही. खेपेवर मजुरी मोजणारा व्यवहार आणि कृतीतच नाट्य शोधणारा लेखक, दोघेही खोळंबा हिशोबात धरत नाहीत.

आमचे म्हणणे साधे आहे. इंजिन बंदच असावे. पण ते बंद करायला लावणाऱ्याने सावली द्यावी. ज्या कारखान्यासाठी माल थांबला आहे त्याने गेटबाहेर छप्पर, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि विजेची जोडणी द्यावी. आपला नंबर कधी येणार ते चालकाला आधी कळावे, म्हणजे त्याला आसनाला खिळून राहावे लागणार नाही. आणि थांबण्याचे तास कामाचे तास म्हणून मोजले जावेत. मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी यात आणखी एक काम करण्यासारखे आहे. खोळंबा, रखडपट्टी, ताटकळणे असे किती शब्द आपल्याकडे आहेत! त्यांतला एकही मजुरीच्या चिठ्ठीवर येत नाही. तो तिथे यावा असे वाटत असेल, तर आधी तो आपल्या लेखनात श्रमाचा शब्द म्हणून आला पाहिजे.