सर्व्हर बंद पडला, पण यादीतून त्याचं नाव कोण काढणार?

12 जानेवारी 2027. विंडोज सर्व्हर 2016 वापरणाऱ्या कंपन्यांसाठी ही तारीख महत्त्वाची आहे, कारण त्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा या सिस्टिमसाठीचा सपोर्ट संपतोय. त्यानंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. साहजिकच अनेक ऑफिसांमध्ये जुने सर्व्हर काढून नवे बसवले जातील. काही जुनी मशीन तर त्याआधीच मान टाकतील.

मग प्रश्न येतो की बंद पडलेला सर्व्हर काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं? केबल काढली, मशीन भंगारात दिलं की झालं?

तसं होत नाही. माणूस गेला तरी फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याचंच नाव राहतं. सर्व्हरचंही असंच आहे.

हा सर्व्हर काय करतो?

तुम्ही ऑफिसात कॉम्प्युटर सुरू करून पासवर्ड टाकता. तो बरोबर आहे का, तुम्हाला कोणती फाइल उघडायची परवानगी आहे, हे तपासणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. सगळ्या कर्मचाऱ्यांची आणि मशीनची नोंदवही त्याच्याकडे असते. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिममध्ये या नोंदवहीला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात.

मोठ्या कंपन्या असे अनेक सर्व्हर ठेवतात. प्रत्येकाकडे नोंदवहीची प्रत असते आणि एकात झालेला बदल बाकीचे आपल्याकडे उतरवून घेतात. त्यामुळे एक बंद पडला तरी काम चालू राहतं.

मग अडचण कुठे येते?

धडधाकट सर्व्हर निवृत्त करताना तो स्वतःच आपल्या जबाबदाऱ्या दुसऱ्याकडे सोपवतो आणि यादीतून नाव काढून घेतो. अचानक बंद पडलेल्या सर्व्हरला हे करता येत नाही. बाकीचे सर्व्हर त्याच्याशी संपर्क साधत राहतात आणि एररचा ढीग साचतो. कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटरही अधूनमधून त्याचाच पत्ता शोधत बसतात आणि लॉगिन रखडतं.

म्हणून त्याचं नाव हाताने काढावं लागतं. या कामाला मेटाडेटा क्लीनअप म्हणतात. विंडोज सर्व्हर 2008 पासून ते बरंच सोपं झालंय, पण जुने पत्ते गेले का हे तपासावंच लागतं.

मेलेला सर्व्हर परत आला तर?

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत 5 खास जबाबदाऱ्या असतात. नव्या खात्यांसाठी क्रमांकांचे गठ्ठे वाटणं ही त्यातलीच एक. ती सांभाळणारा सर्व्हर बंद पडला, तर दुसऱ्याकडे जबरदस्तीने द्यावी लागते. त्यानंतर कुणी जुनं मशीन दुरुस्त करून पुन्हा जोडलं, तर दोघेही तेच क्रमांक वाटू शकतात. एकाच प्लॉटचे दोन सातबारे निघाल्यासारखं!

दुसरा धोका पुसलेल्या नोंदींचा. खातं डिलीट केल्याची खूण साधारणपणे 180 दिवस ठेवली जाते. सर्व्हर त्याहून जास्त काळ बंद राहिला, तर त्याला हे डिलीट कधी कळतच नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच्या प्रतीत जिवंतच असतं. म्हणूनच 180 दिवसांपेक्षा जुना बॅकअपही इथे कामाचा नसतो.

पण काढायची घाईही नको

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून पसरला आणि मर्स्कमध्ये घुसला. त्याची झळ नवी मुंबईपर्यंत पोहोचली. जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

वायर्ड मासिकाच्या 2018 च्या वृत्तानुसार, मर्स्कचे जगभरात सुमारे 150 डोमेन कंट्रोलर होते. एक गेला तर दुसरा आहे, असा सगळा हिशेब होता. सगळे एकदमच गेले तर काय, याचा विचार झाला नव्हता. आणि नेमकं तेच झालं.

वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता. म्हणजे नेटवर्कच्या नजरेत तोही बंदच होता! तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं की डेटा पाठवायला अनेक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने नायजेरियात जाऊन हार्ड डिस्क दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो विमानाने लंडनला गेला.

कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी 2018 मध्ये दावोसला सांगितलं की 10 दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे केले. कंपनीने नुकसानीचा अंदाज 25 ते 30 कोटी डॉलर इतका दिला होता.

यातून काय घ्यायचं?

सर्व्हर उत्तर देत नाही, म्हणजे तो मेला असंच नाही. कदाचित तो फक्त तुटलेला असेल. म्हणून नाव काढण्याआधी काही गोष्टी तपासायला हव्यात. त्याच्याकडे अशी काही माहिती आहे का, जी दुसऱ्या कुणाकडेच नाही? बाकी सर्व्हरकडची नोंदवही शाबूत आहे का? आणि नेटवर्कशी न जोडलेला ताजा बॅकअप हाताशी आहे का?

उत्तरं मिळाली की मग नाव काढण्यात चालढकल करू नये, आणि एकदा काढलेलं मशीन पूर्ण पुसल्याशिवाय पुन्हा जोडू नये. बऱ्याच छोट्या ऑफिसांचं सगळं काम एकाच सर्व्हरवर चालतं. तिथे या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वात आधी विचारा. कारण तो एक सर्व्हर गेला, तर त्यांच्यासाठी घानात दुसरी प्रत ठेवलेली नसते.