ठराव लिहा, विरोधही लिहा

शेतकरी भावांनो, आपल्या मेळाव्यात ठराव कसा होतो ते सर्वांना ठाऊक आहे. व्यासपीठावरून कोणी वाचून दाखवतो, हात वर होतात, टाळ्या पडतात. ज्याला पटले नाही तो मांडवाबाहेर पानटपरीवर बोलतो. पुढे तालुक्यात एकाच संघटनेचे दोन फलक लागतात.

एक लांबचे उदाहरण देतो. पायथन ही संगणकाला काम सांगण्याची भाषा. सरळ वाणाचे बी कोणीही राखावे, सुधारावे, शेजाऱ्याला द्यावे, तशी ती खुली आहे. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. तीत मोठा बदल हवा असेल तर २००० सालापासून लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. बदल कोणता, कशासाठी, जुने काही मोडेल काय, हे सर्व त्यात यावे. आणि प्रस्ताव मांडणाऱ्यानेच विरोधकांचे म्हणणेही त्यात नोंदवायचे! फेटाळलेला प्रस्तावसुद्धा जपून ठेवतात; तोच मुद्दा पुन्हा आला की जुना कागद पुढे करता येतो.

म्हणून तिथे भांडणे होत नाहीत असे मुळीच नाही. शेवटचा शब्द रॉसम यांचा असे. २०१८ साली एका लहानशा चिन्हावरून इतका वाद पेटला की प्रस्ताव मंजूर करून जुलैमध्ये त्यांनी तो अधिकारच सोडला. वारस नेमला नाही. मग कारभाराचे ७ आराखडे पुढे आले. डिसेंबरात मतदान झाले. एकावर शिक्का मारायचा नव्हता, पसंतीचा क्रम लावायचा होता; ‘अजून चर्चा हवी’ हाही पर्याय होता. ठरले ते ५ जणांचे निवडलेले मंडळ, त्यात एकाच कंपनीचे २ हून अधिक नोकर नकोत. २०१९ च्या पहिल्या मंडळात रॉसमही निवडून आले, पाचांतले एक म्हणून.

मत मात्र ती भाषा घडवणाऱ्या मोजक्यांनाच होते, वापरणाऱ्या सर्वांना नाही. हे आम्हाला पटत नाही. आपल्याकडे कोरडवाहू कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या प्रत्येकाला मत हवे, आणि वेचणीला जाणाऱ्या बाईलाही.

यात वेळ जातो, असे कार्यकर्ते म्हणतील. जातोच. पण फुटलेली संघटना सांधायला किती हंगाम जातात ते त्यांनीच सांगावे.

तेव्हा पुढच्या मेळाव्याचा कापसाचा ठराव १५ दिवस आधी गावोगाव पोचावा, त्याच कागदावर विरोधाच्या दहा ओळी छापाव्यात, आणि बियाणे कंपनीचे किंवा जिनिंगवाल्याचे मानधन घेणाऱ्याने मत देण्याआधी ते उघड सांगावे. मसुदे पोळ्यापर्यंत जिल्हा कचेरीत द्या. विरोधाचे आधी छापू.